टाकीच्या वळणावर दहा मिनिटं

४ मार्च

आज व्यवस्थापकांचं पत्र आलं. टेकडीवरच्या रुग्णालयात सकाळच्या पाळीच्या सिस्टरना पोहोचवण्याचं काम बाबांकडे बावीस वर्षं आहे. करार मेमध्ये संपतोय. पत्रात दोनच ओळी आहेत. गाडी रोज उशिरा येते; सुधारणा झाली नाही तर जूनपासून दुसरी सोय करावी लागेल. दुसरी सोय म्हणजे ती नवी पांढरी मिनीबस. तिचा मालक दोनदा वर जाऊन व्यवस्थापकांकडे चहा पिऊन आलाय, असं सिस्टरच सांगत होत्या.

उशीर का होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमची व्हॅन माझ्याहून वयाने मोठी. इंजिन मागे, आणि ते पाण्यावर नाही, हवेवर थंड होणारं. अर्ध्या चढावर पाण्याची मोठी टाकी आहे. त्या वळणावर बाबा रोज गाडी थांबवतात, मागे जातात, इंजिनच्या झाकणावर तळवा ठेवतात, वास घेतात आणि दहा मिनिटं गप्प उभे राहतात. सिस्टर उतरून कठड्यावर बसतात. इंजिन निवलं हे कशावरून कळतं असं विचारलं की बाबा म्हणतात, "कळतं."

"कळतं" हे कशाचंच एकक नाही. घरातली पहिली पदवी मी आणली, तीही भौतिकशास्त्राची, आणि बावीस वर्षांची भाकरी आम्ही तळव्याच्या अंदाजावर सोडून द्यायची? हे मी होऊ देणार नाही.

६ मार्च

जेवताना विषय काढला. मुद्दे कागदावर लिहूनच बसले होते. तळव्याला झाकण कळतं, इंजिन नाही. वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. डॅशबोर्डवर मीटर लावले तर चालत्या गाडीत सगळं दिसेल, आणि कदाचित थांबायची गरजच नाही हे सिद्धही होईल. बाबा वाद घालतील म्हणून आणखी चार मुद्दे राखून ठेवले होते. पण त्यांनी माझ्या तोंडावरून नजर न हलवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाव."

"लाव म्हणजे?"

"लाव म्हणजे लाव. काटा असलेला बरा. बघितलं की झालं."

आईच्या हातातला चमचा भांड्यावर तसाच राहिला. तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लावायचे तर नीट लाव."

"आई, मी काय शाळेतला प्रयोग करतेय?"

"तेच म्हणतेय. शाळेत चुकलं तर गुणच जातात."

टोमणा मारल्याशिवाय आईला जेवण जात नाही. पण आज मला फार बरं वाटलं. मुद्दा नीट मांडला की माणसाला पटतो, त्यात कमी शिक्षण आड येत नाही. बाबांसारखं लक्ष देऊन ऐकणारं मला कॉलेजात कुणी भेटलं नाही.

१० मार्च

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात तीन मीटर मिळाले. पुठ्ठ्याच्या खोक्यात, धूळ खात, पण कोरे. एक बॅटरीचा, एक तेलाच्या दाबाचा, एक सिलिंडरच्या हेडच्या तापमानाचा. दुकानदाराने आधीच सांगून टाकलं, "हे पुढे इंजिन असलेल्या गाड्यांचे आहेत हां, ताई. तुमचं इंजिन मागे रुसून बसलेलं."

"मी समजूत काढते त्याची."

"काढा. पत्रक आत आहे. वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मीटर कुठे बसवायचे हा प्रश्नच आला नाही. डॅशबोर्डात रेडिओचं भोक रिकामं आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांनी रेडिओ काढून कुणाला तरी देऊन टाकला होता. "कोण ऐकतंय त्याला," म्हणाले होते. त्या भोकावर पत्र्याची पट्टी मारून मीटर ओळीने बसवले. काय रुबाबदार दिसतात!

आतला आरसाही वाकडा होता. मागची काच दिसायच्या ऐवजी त्यात सीटवर बसलेल्यांचे चेहरे दिसत होते. तो सरळ केला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा तसाच. जुन्या खोडी.

१६ मार्च

बॅटरीचा काटा पहिल्या झटक्यात उठला. तेलाच्या दाबाचा मात्र चार दिवस मेल्यासारखा पडून. वायर बदलली, मीटर उलटासुलटा करून पाहिला, तेलही तपासलं. सकाळी बाबा येऊन इंजिनात वाकले. दाब मोजणारं बोंड मी जिथे बसवलंय तिथे त्यांनी बोट लावलं.

"हे बँडेज कुणी बांधलं? सिस्टरांकडून शिकलीस?"

नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप होती. मी सात वेढे दिले होते. "तेल गळू नये म्हणून, बाबा."

"गळत नाही, खरंय. पण विजेला परत जायला वाट कुठे ठेवलीस?"

टेप काढली, बोंड पुन्हा आवळलं, आणि काटा टुणकन उठून बसला. खरं तर पहिल्या वर्षाचा पहिला धडा: सर्किट पूर्ण व्हायला हवं, आणि इथे ते इंजिनच्या धातूतून पूर्ण होतं. बाबांना सर्किट हा शब्दही माहीत नसेल. अंदाजाने बोलले आणि बरोबर ठरलं. अंदाज कधीकधी बरोबर ठरतात, हीच त्यांची खरी अडचण आहे.

मी हुरळून ओरडले, "बाबा, चालला!" ते पाठमोरे होते, वळले नाहीत. तंद्रीतच असतात हल्ली. आईने त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा वळले. या वयातही आई बाबांशी बोलण्याआधी त्यांना हळूच स्पर्श करते. बघायला छान वाटतं.

२१ मार्च

हेडच्या तापमानाचा मीटर सगळ्यांत महत्त्वाचा. त्याची तांब्याची कडी स्पार्क प्लगखाली बसते. कडीतून दोन वेगळ्या धातूंच्या दोन तारा निघतात. एक टोक तापलेलं आणि दुसरं गार असलं की त्या तारांत इवलीशी वीज तयार होते आणि तेवढाच काटा हलतो. शेवटच्या परीक्षेत यावर आठ गुणांचा प्रश्न होता. मला साडेसात मिळाले. अर्धा का कापला ते अजून कळलेलं नाही.

अडचण अशी की तारा दोन मीटर लांबीच्याच आहेत. इंजिनपासून डॅशबोर्डापर्यंत साडेचार मीटर लागतात. पत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय, तारांची लांबी बदलू नये. असं लिहावंच लागतं, कारण लोक तारा पिळून जोडतात आणि मग मीटरला नावं ठेवतात. मी पिळणार नाही. मधे जाड तांब्याची वायर घालून कथलाचा डाग देणार, वर उष्णता सोसणारी टेप. तांब्याला रोध जवळजवळ नाहीच, म्हणजे फरक पडायचं कारण नाही. जोड इंजिनच्या खोलीतच बसतो, वरच्या कोपऱ्यात, पाण्यापासून सुरक्षित.

तिसऱ्या सिलिंडरवर कडी बसवायचं बाबांनीच सुचवलं. "तोच आधी तापतो." कशावरून, तर "कळतं."

२२ मार्च

जोडलेली तार तशीच गाडीत बसवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आधी चाचणी. आईच्या शेगडीवर पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, कडी पाण्यात सोडली, बाकीची तार आणि मीटर टेबलावर पसरला. काटा चढत चढत शंभरावर आला आणि तिथेच थांबला. केसभरही इकडेतिकडे नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा शंभर.

आई बटाटे घेऊन उभी होती. "झालं असेल तर त्यात बटाटे टाकू का?"

"आई, हा पुरावा आहे!"

"असू दे. पुराव्याने पोट भरत नाही."

बाबांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग कडी बोटात धरून उलटसुलट केली आणि म्हणाले, "म्हणजे आता मी नुसता याच्याकडे बघायचं?"

"नुसतं याच्याकडे बघायचं. दोनशेच्या पुढे लाल पट्टी आहे. तिथे गेला तर थांबायचं, नाही तर नाही."

"बरं." आणि मग, मला नीट आठवतंय, म्हणाले, "सुटलो."

३० मार्च

आज टाकीच्या वळणावर गाडी थांबली नाही!

आठवडाभर मी पुढे बसून वहीत आकडे टिपत होते. चढाच्या पायथ्याशी एकशे तीस, टाकीपाशी एकशे पंचावन्न, जास्तीत जास्त एकशे साठ. लाल पट्टी अजून चाळीस अंश दूर. इतकी वर्षं आम्ही उगाचच थांबत होतो. आज वळण आलं तसा बाबांनी सवयीने वेग कमी केला.

"काटा?"

"एकशे साठ. तुम्हाला दिसतोय ना समोर?"

"दिसतोय. तू सांग."

"एकशे साठ, बाबा. चला."

मागे एकच गलका. "अगं बाई, आमची दहा मिनिटं कुठे गेली? कठडा रडेल आता!" मोठ्या सिस्टर, ज्या बाबांच्या गाडीत पहिल्या दिवसापासून येतात, म्हणाल्या, "मीटरबाई, असाच एक काटा आम्हालाही बसवा. डॉक्टरांना लांबून दिसेल, सिस्टर आज तापल्यात."

सात मिनिटं आधी पोहोचलो. व्यवस्थापक स्वतः फाटकात उभे होते आणि त्यांनी घड्याळात पाहिलं. बाबा आरशात बघून हसले.

६ एप्रिल

दूधवाले काका घरी आले. त्यांचीही अशीच मागे इंजिनवाली जुनी व्हॅन आहे. "पोरी, तुझ्या बाबांच्या गाडीत विमानासारखी घड्याळं लावलीस म्हणे. मलाही लाव. गिऱ्हाइकं दूध सोडून घड्याळंच बघतील." दोन दिवसांत बसवून दिले. तार तशीच कमी पडली, तसाच जोड दिला. आता सराव झालाय.

मनात एक पाटी तयार होतेय. नाव सुचत नाही, पण पाटीवर ओळ ठरली: "अंदाज नको, आकडा घ्या."

१४ एप्रिल

बाबांनी उजवं बोट पुढे केलं. टोकाला फोड.

"कुठे भाजलं?"

"तुझ्या त्या जोडापाशी. टाकी ओलांडून वर पोहोचल्यावर हात लावून बघितला. ती जागा फार तापते गं."

मी हसले. "तापू दे. टेप अडीचशे अंश सोसते. आणि तुम्ही अजून हात लावून बघताच का? काटा कशाला आहे?"

"बरं," म्हणाले. मग बोटाकडे बघत, "तिथे तापलं तर चालतं ना त्या तारेला?"

"चालतं, बाबा. तांबं आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

२४ एप्रिल

ऊन वाढलंय. काटा एकशे पासष्टपर्यंत जातो, तरी भरपूर अंतर आहे. आज शेवटच्या चढावर मागून डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज येत होता. कालही आला होता. मी बाबांकडे पाहिलं, ते निवांत चालवत होते. चाळीस वर्षं इंजिनांत घालवलेला माणूस निवांत आहे म्हणजे हा नेहमीचाच आवाज असणार. मला अजून या गाडीचे सगळे आवाज ओळखता येत नाहीत. कानाचं काम बाबांचं, आकड्यांचं माझं. अशी वाटणी मला आवडते.

५ मे

व्यवस्थापकांचं दुसरं पत्र! "वक्तशीरपणाबद्दल समाधान." करार आणखी दोन वर्षांसाठी वाढणार, बारा तारखेला सही. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. रात्रीही सदरा बदलला नाही. आई म्हणाली, "आता त्या पत्रासकट धुऊ का तुम्हाला?"

८ मे

इंजिन गेलं.

क्रमाने लिहिते, म्हणजे नीट लिहिलं जाईल. आज दोन सिस्टर जास्तीच्या होत्या, गाडी भरलेली. टाकीच्या अलीकडे बाबांनी नाक उचललं.

"वास येतोय का गं?"

मी हुंगलं. काहीतरी करपट होतं, पण रस्त्याकडेला पालापाचोळाही जळत होता. "पाल्याचा असेल. काटा एकशे सत्तर."

"थांबू का?"

बारा तारखेला सही आहे. फाटकात व्यवस्थापक घड्याळ घेऊन उभे असतात. "काटा एकशे सत्तर म्हणतोय, बाबा."

"तू म्हणतेस ना?"

"मी कशाला, काटा म्हणतोय."

"माझ्यासाठी काटा म्हणजे तूच," म्हणाले आणि टाकी मागे गेली.

पुढे दोन वळणांवर लोखंडी घागर जिन्यावरून गडगडत यावी तसा आवाज झाला. सगळ्या सिस्टर किंचाळल्या. मला कळत नाही ते हे: बाबांचा पाय उठलाच नाही. गाडी त्या आवाजासकट वीस-तीस पावलं पुढे गेली. मग त्यांची नजर आरशात गेली, चेहरे दिसले, आणि तेव्हा कुठे त्यांनी ब्रेक दाबला. मागे निळा धूर. सिस्टर उरलेला चढ पायी चढून गेल्या. मोठ्या सिस्टर जाताना बाबांच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

काटा तेव्हाही एकशे सत्तरवर होता.

१० मे

बाबांचे जुने मेकॅनिक दोस्त, ज्यांना सगळे हातोडीकाका म्हणतात, त्यांनी इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तुटून आत पडला होता, पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. आजूबाजूचे भागही गेले. या इंजिनाचं आता काही होणार नाही.

"हे काही एका दिवसात झालेलं नाही," हातोडीकाका म्हणाले. "तापून तापून झालंय. दोन-तीन आठवडे खडखडत असणार. अरे, हा आवाज तर बहिऱ्यालाही..." आणि मधेच थांबले. बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाबा चौकशीला येऊन दारात उभ्या राहिलेल्या व्यवस्थापकांकडे वळून म्हणाले, "दोष माझा. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आता तर काहीच नाही. इंजिन ओरडत होतं, मला कळलं नाही. पोरीचे मीटर चांगले आहेत, त्यांचा काही संबंध नाही."

मिनीबस परवापासून सुरू होतेय. लायसन्सचं काय करायचं ते व्यवस्थापक लेखी कळवणार आहेत.

११ मे

राग लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

दोन वर्षं! रेडिओ. आरसा. आईचा खांद्यावरचा हात. मी त्याला प्रेम समजत होते. आणि सहा मार्च. माझे मुद्दे त्यांना पटले म्हणून मी किती फुशारले होते. त्यांना मुद्दे पटलेच नव्हते, ते ओठ वाचत होते. त्यांना कसलाही मीटर चालला असता. रोज चौदा बायकांना घेऊन ऐकू न येणारा माणूस तो चढ चढत होता, आणि मला, आकड्यांत जराही खोटं न चालणाऱ्या मला, त्यांनी शेजारी बसवलं. तो खड्यांचा आवाज मी ऐकला होता. एक शब्द बोलले असते. पण मला वाटलं, ते ऐकताहेत.

आईला म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"लायसन्स—"

"बघ. उत्तर तयार आहे." ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले नाहीत. "हे काम गेलं तर घरात बसून वेडे झाले असते. तू मीटर म्हणालीस तेव्हा त्या रात्री मला म्हणाले, पोरगी मला नवे कान लावून देतेय, आणि तिला माहीतही नाही."

 पण फसवलं ते फसवलंच.

१३ मे

लिहायचं नाही असं सकाळपासून ठरवत होते.

मीटर काढून आणायला गेले होते. टेपखालचा जोड काळा पडलेला. हातात धरला आणि बाबांचं भाजलेलं बोट आठवलं. "तिथे तापलं तर चालतं ना त्या तारेला?"

घरी आले, पातेलं ठेवलं. कडी उकळत्या पाण्यात, मीटर टेबलावर. शंभर. मग मार्चमध्ये जे केलं नव्हतं ते केलं. शेजारच्या शेगडीवर दुसरं पातेलं ठेवलं आणि जोड त्याच्या वाफेत धरला.

काटा घसरत घसरत खाली टेकला. पाणी खदखदतंय आणि काटा म्हणतोय, गार आहे.

वीज एका टोकाच्या तापण्याने तयार होत नाही. दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाने होते. दुसरं टोक डॅशबोर्डपाशी असायला हवं होतं. तांबं मधे घालून मी ते इंजिनच्या खोलीत आणून बसवलं. इंजिन जितकं तापत गेलं तितका जोडही तापत गेला, आणि काटा तेवढं तेवढं लपवत गेला. एकशे सत्तर म्हणजे निदान दोनशे तीस. परीक्षेतला अर्धा गुण त्याचाच असणार. उत्तरपत्रिकेत मी लिहिलं नव्हतं की गार टोक गारच राहिलं पाहिजे.

आई मागे उभी होती. तिला काट्यातलं काही कळत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. तिने दोन्ही शेगड्या बंद केल्या.

"हे बाहेर बोलायचं नाही."

"आई, त्यांचा दोष नाही! थांबू का म्हणून त्यांनी विचारलं होतं मला!"

"मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे."

"त्यांना?"

"बोट त्यांचं भाजलं होतं, तुझं नाही. त्या दिवशी हातोडीभाऊंकडून आल्यावर म्हणाले, त्या जोडातच काहीतरी आहे." तिने पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. "त्यांचे कान गेलेलेच होते. तुझं नाव कशाला घालवायचं, म्हणाले. नुकतं कुठे लोक बोलवायला लागलेत."

१५ मे

पण दूधवाले काका. त्यांच्या गाडीतही तोच जोड आहे, तसाच, इंजिनच्या खोलीत. गप्प बसले तर आज ना उद्या त्यांचंही तेच होणार. बोलले तर बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं खोटं ठरणार. रात्रभर मोठा विचार केला असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे पहाटेच उठून गेले, आईला जाग यायच्या आत.

काका कॅन धूत होते. मी सगळं सांगितलं, न थांबता. त्यांनी मधे विचारलं, "म्हणजे तुझ्या बाबांची गाडी..."

"हो. माझ्या जोडामुळे."

काकांनी कॅन पालथा घातला. मग म्हणाले, "अगं, पण मी त्या काट्याकडे बघतच नाही."

"बघत नाही?"

"शोभेला लावलाय. गिऱ्हाइकांना गंमत वाटते. मी आपला टाकीपाशी थांबतो, बिडी ओढतो, झाकणाला हात लावतो. ते तुझ्या बाबांनीच शिकवलं मला, पहिली गाडी घेतली तेव्हा." मला वाईट वाटलं असं दिसल्यावर घाईने म्हणाले, "तुझं काम चांगलं आहे हां! दिसतं छान."

मी जोड कापून काढला. काट्याच्या खालचा दिवा चालू राहू दे म्हणाले, म्हणून ती वायर ठेवली.

माझ्या काट्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता.

१७ मे

दूधवाल्यांनी हातोडीकाकांना सांगितलं, हातोडीकाकांनी बाबांना. दोन दिवस बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. समोर आले की खाली बघतात, मग मी काय बोलणार? आई म्हणते, रागावलेत. "आयुष्यात एकदा तुझ्यावर पांघरूण घालायला मिळालं त्यांना. तेही ओढून काढलंस."

उद्या सकाळी हातोडीकाका व्हॅनला दोर लावून नेणार, सुट्या भागांसाठी. दुपारी पाहिलं तर बाबा तिच्यात बसलेले. स्टिअरिंगवर हात, इंजिन नसलेल्या गाडीत. मागे मोकळी खोली, आत नुसता तेलाचा डाग.

मी मागच्या दाराने शिरले आणि मोठ्या सिस्टर बसायच्या त्या जागेवर बसले. गाडी जराशी हलली, त्यावरून त्यांना कळलं. आरसा तसाच होता, प्रवाशांकडे वळलेला. त्यात त्यांचे डोळे दिसत होते, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसत असणार.

"बाबा," मी म्हणाले, "तो जोड—"

त्यांनी हात वर केला आणि आरसा फिरवला. मागच्या काचेकडे, सरळ, मार्चमध्ये मी लावला होता तसा. आता त्यात रिकामा रस्ता होता.

मी तरी बोलत राहिले. एकशे सत्तरचे दोनशे तीस सांगितले. वाफेतला जोड सांगितला, खड्यांचा आवाज सांगितला, टाकीपाशी त्यांनी विचारलेलं सांगितलं, अर्धा गुणही सांगितला. इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातल्या बाईने खिडकी उघडून पाहिलं.

माझं सगळं सांगून झालं तेव्हाही त्यांचा हात आरशावरच होता.